पारोसं मशीन

माझ्या नवऱ्याला कुणाला 'नाही' म्हणता येत नाही. लग्नाच्या सीझनमध्ये एकाच संध्याकाळी दोन हळदी घेऊन बसतो आणि मग मोटारसायकलवरून कंटेनरच्या ट्रेलरांमधून वाट काढत उरण रोडला धावाधाव करतो. सगळ्यांना हो म्हणणारा हा माणूस एकट्या कॉम्प्युटरला मात्र वर्षानुवर्षं नकार देत आला होता. पडद्याच्या कोपऱ्यात चौकट उगवायची, नवीन अपडेट आलंय, मशीन बंद करून चालू करू का? हा तिकडे न बघताच 'नंतर' दाबायचा. चौकट बिचारी गप जायची आणि दुसऱ्या दिवशी परत यायची.

जुन्या पनवेलात, मार्केटच्या बाजूला आमचा फोटो स्टुडिओ आहे. फोटो तो काढतो. ते निवडणं, सुधारणं, अल्बम लावणं माझ्याकडे. राहायला आम्ही करंजाड्याला, पण आमचं जागेपण सगळं दुकानातच जातं. दुकानात एक मोठं मशीन, ते त्याचं. एक छोटा लॅपटॉप, तो माझा. माझ्या लॅपटॉपने अपडेट मागितलं की मी ते देते आणि चहा टाकायला उठते. त्याच्या मशीनला मात्र हात लावायची कुणाची टाप नव्हती, माझीसुद्धा नाही.

त्याला कारण होतं. पूर्वी एकदा ऐन सीझनमध्ये त्या मशीनने अपडेट घेतलं आणि नंतर आमच्या प्रिंटरला ओळखच दाखवेना. काउंटरसमोर नवरदेवाचे मामा फोटोसाठी उभे, आणि आत हा घामाघूम. त्या दिवसापासून अपडेट या शब्दाशी त्याने वैरच धरलं.

मी समजावायची. म्हणायची, अरे, अपडेट म्हणजे नुसती नवी बटणं नसतात. सॉफ्टवेअर माणसंच लिहितात, त्यात फटी राहतात. फट सापडली की बनवणारे ती बुजवायचा माल पाठवतात. आणि त्याच वेळी चोरांनाही कळतं, फट नेमकी कुठे होती ते. मग ज्यांनी बुजवली नाही त्यांची दारं ते शोधत फिरतात. यावर हा शांतपणे विचारायचा, "आपल्याकडे काय चोरणार? लोकांच्या मामांचे फोटो?"

आता कोळीण मावशींबद्दल सांगते, कारण या गोष्टीचा सगळा जीव त्यांच्यात अडकलाय.

मावशी उरणच्या बाजारात मासळी विकतात, त्यांचे यजमान होडीवर जातात. वैशाखात त्यांच्या मुलीचं लग्न होतं. सुपारी ठरवायला मावशी एकट्याच आल्या. नाकात ठसठशीत नथ आणि आवाज असा की शेजारच्या दुकानातली माणसंही वळून बघत होती. किती फोटो, किती पानांचा अल्बम, व्हिडिओ केवढा, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. त्यांचा प्रश्न एकच होता.

"दादा, तुमचा रोल जलत नाय ना?"

नवरा हसला. म्हणाला, "मावशी, आता रोलच नसतो. सगळं कॉम्प्युटरमध्ये."

मावशी हसल्या नाहीत. त्यांच्या स्वतःच्या लग्नात गावातल्या लोकांनी वर्गणी काढून फोटोवाला आणला होता. दोन दिवस तो जेवला, नाचला, सगळ्यांना ओळीने उभं करून फोटो काढले. नंतर निरोप आला, रोल जळला. बस, एवढंच. "ह्यांचा माजा एकत्र एक बी फोटू नाय," मावशी म्हणाल्या. "आधार कार्डावर हाय तेवराच, तो पन वेगला वेगला." पुढच्या वर्षांत फोटोची वेळ आली तेव्हा एक तर त्या बाजारात होत्या, नाही तर ते दर्यावर.

मावशींच्या मुलीच्या हळदीला मीही गेले होते. इकडे लग्नापेक्षा हळद मोठी. मांडव भरलेला, डीजे छाती हलवतोय, आणि मावशींचे यजमान मात्र खांबाला टेकून उभे. अबोल माणूस, कुणी ओढलं तरी जागचा हलेना. शेवटी मावशी स्वतः गेल्या, दोन्ही हातांनी त्यांच्या तोंडाला हळद फासली आणि मनगट धरून मधोमध आणलं. आणि ते नाचले! आधी नुसते खांदे, मग हात, मग सगळंच. मावशींच्याही तोंडाला तोवर कुणीतरी हळद थापली होती. दोघं पिवळेधमक, तोंड उघडून हसतायत. नेमका तो क्षण नवऱ्याने टिपला. त्याच्या हातात कला आहे, हे मी भांडतानाही कबूल करते.

फोटो मोठ्या मशीनमध्ये गेले. सोबत मशीनला जोडलेल्या वेगळ्या डिस्कवर दुसरी प्रत. कॅमेऱ्यातली कार्डं पुढच्या लग्नासाठी पुसली गेली. दुसरी प्रत आहे म्हणून नवरा निर्धास्त. ती डिस्क मात्र कायम मशीनलाच अडकवलेली असायची, गाईला वासरू असावं तशी.

अल्बमसाठी फोटो निवडायचं काम घरच्यांचं. मावशींना वेळ मिळेना. मुलगी सासरी, यजमान म्हणाले तूच बघ. पावसाळ्यात होड्या बंद तेव्हा जाळी विणणं, सुकी मासळी, घराची गळती काढणं. नारळी पौर्णिमेनंतर धंदा सुरू. अखेर मावशी आल्या नवरात्रात. नवरात्रात कोण मासे खातंय? अर्धा बाजार ओस. अष्टमीला त्या आमच्या मशीनसमोर ऐसपैस बसल्या आणि एकेक फोटो बघू लागल्या.

त्यांना एकही फोटो टाकवेना. मी म्हणायची, मावशी, हे तीन सारखेच आहेत. त्या म्हणायच्या, सारखं कुठं, ह्यान ती माजी ननंद डोले मिटून हाय, त्यान उघडून हाय. दोन्ही ठेवा. असं करत करत तो नाचाचा फोटो आला आणि मावशी एकदम गप्प झाल्या. एवढ्या मोठ्या आवाजाचं माणूस गप्प झालं की दुकान रिकामं वाटतं. त्या पुढे वाकल्या, आणि नेमकी तेव्हाच चौकट उगवली, थेट यजमानांच्या तोंडावर. अपडेट आलंय, करू का?

नवऱ्याने हात लांब करून 'नंतर' दाबलं.

"काय मांगतंय तो सारखा?" मावशींनी विचारलं. सकाळपासून त्यांनी ती चौकट दोनदा पाहिली होती.

"काही नाही मावशी, सवयच आहे त्याला."

"मांगतंय तं द्या ना," मावशी म्हणाल्या.

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे ही पूजा सासऱ्यांपासून चालत आलेली. हत्यारांची पूजा, म्हणजे आमच्याकडे कॅमेऱ्यांची. लेन्स, ट्रायपॉड, फ्लॅश, कातरी, आणि हल्ली मशीनसुद्धा. आणि सासऱ्यांचा दंडक असा की एकदा पूजेला बसवलं की दसरा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर ते आपल्यासाठी राबतं, एक दिवस त्याला निजू द्यायचं. नवरा हे अगदी काटेकोर पाळतो. त्याने मशीनच्या सगळ्या वायरी काढल्या, इंटरनेटचीसुद्धा. डिस्क काढली. सगळं फडक्याने पुसून पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. पुसताना त्याचा हात असा हळुवार चालत होता की मला वाटलं, इतक्या मायेने यानं कधी माझी चौकशी केली असेल का!

आमच्या ओळीत तीन दुकानं. मध्ये आम्ही. डावीकडे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मवाले काका, उजवीकडे जागांचे व्यवहार करणारा एजंट. तिघांत इंटरनेटची लाइन एकच. काकांकडून पासपोर्टचे फोटो त्याच लाइनीने आमच्या प्रिंटरला यायचे. खंडेनवमीला काकांनीही पूजा केली, पण कुठल्याशा फॉर्मची शेवटची तारीख होती. म्हणून डाव्या हाताने कुंकू लावलं आणि उजवा माऊसवरच ठेवला. एजंटने उदबत्ती ओवाळली आणि परत पत्ते खेळायला बसला, कॉम्प्युटरवर. माझा लॅपटॉप मी पूजेला दिलाच नाही. एका बारशाचा व्हिडिओ पाठवायला लावला होता, तो चालूच राहिला. नवरा म्हणाला, "निदान एक फूल तरी वाहा." मी म्हटलं, "अपडेट घेऊन त्याची आंघोळ झालीय, त्याचं पुण्य त्याच्यापाशी."

दसऱ्याला सकाळी दिवा लावायला आणि सोनं द्यायला दुकानात गेलो. आपट्याची पानं घेऊन मी काकांच्या दारात उभी राहिले, तर काका कपाळाला हात लावून बसलेले. त्यांच्या पडद्यावर लाल पाटी. तुमच्या सगळ्या फायलींना कुलूप घातलं आहे, चावी हवी असेल तर पैसे पाठवा, असं मोडक्या इंग्रजीत लिहिलेलं. लोकांचे दाखले, फॉर्म, नातवाचे फोटो, सगळ्या फायलींची नावं भलतीच झालेली. एजंटच्या पडद्यावरही तीच पाटी, पत्त्यांच्या डावावर चिकटलेली.

काकांना कुठल्याशा मेलमध्ये बिल आलं होतं, त्यांनी ते उघडलं होतं. एवढ्यावर भागलं असतं तर नुकसान एकट्या काकांचं झालं असतं. पण तो व्हायरस लाइनीवरून पुढे सरकला आणि जिथे जुनी फट उघडी होती तिथे शिरला. काकांचा दुरुस्तीवाला येऊन सांगून गेला, ही फट बुजवणारं अपडेट कधीच येऊन पडलंय. काका म्हणाले, "मी आपलं 'नंतर' म्हणत होतो." हे वाक्य मी घरी रोज ऐकत होते.

नवऱ्याने आमच्या दुकानाचं शटर वर केलं. झेंडूची माळ घातलेलं मशीन पाटावर निवांत निजलेलं. एक वायर जोडलेली नाही. नवरा खुर्चीत बसला, हात जोडले आणि म्हणाला, "बघ. देवीनं राखलं."

मला हसू आवरेना. मी म्हटलं, "देवीने राखलं, खरंय. वायर काढली होतीस ना! आणि माझा लॅपटॉप रात्रभर त्याच लाइनीवर चालू होता. फूल नाही, माळ नाही. त्याला काय झालंय बघ." लॅपटॉप ठणठणीत होता. बारशाचा व्हिडिओ जाऊन पोचला होता, वर आत्याबाईंचा अंगठाही आला होता.

नवरा "तिथेही देवीच," म्हणाला. पण त्याचा चेहरा उतरला होता. काल रात्री ते मशीन माळेशिवाय, वायरींसकट असतं, तर कुलूप त्यालाही लागलं असतं आणि वासरासारख्या अडकवलेल्या त्या डिस्कलाही. दोन्ही प्रती एकदम. एक मोठं गाव भरेल एवढ्या माणसांची लग्नं त्यात होती. पण आम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर एकच फोटो आला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मावशी दारात हजर. आता मासळीवाल्यांना या दिवसाचं मोल विचारा! नऊ दिवस उपासाला बसलेलं गाव सकाळी उठतं ते पिशवी घेऊन. वर्षातल्या सगळ्यांत तेजीच्या दिवसांपैकी एक, आणि मावशी पाटी जावेच्या हवाली करून, एसटी पकडून पनवेलला आल्या होत्या. त्यांच्या गावचं कुणी काकांकडे फॉर्म भरायला आलेलं, त्याने जाऊन सांगितलं होतं, त्या ओळीतल्या सगळ्या दुकानांचे कॉम्प्युटर गेले.

"मावशी, फोन करायचा ना," मी म्हटलं.

"फोनवर मानूस कायपन सांगतंय," मावशी म्हणाल्या. त्या आत येईनात. पायरीवरच बसल्या. आवाज अगदी लहान झाला होता. "दादा, मना खरं सांगा. जलला?"

नवरा उठला आणि घाईघाईने मशीनच्या वायरी जोडायला लागला. मी इंटरनेटची वायर त्याच्या हातातून काढून घेतली.

"ही नाही. ही लाइन अजून बाधलेली आहे."

"अगं, त्यांना फोटो दाखवू दे!"

"फोटो दाखवायला इंटरनेट लागत नाही. विजेची वायर लाव, बाकी काही नको. डिस्कसुद्धा नको."

एरवी त्याने वाद घातला असता. त्या दिवशी मुकाट्याने ऐकलं. माळ काढून बाजूला ठेवली, बटण दाबलं. मशीन जुनं, सुरू व्हायला वेळ खातं. आम्ही तिघं त्या काळ्या पडद्याकडे बघत उभे. मावशी कधी पायरीवरून उठून माझ्या मागे आल्या मला कळलंही नाही, त्यांनी माझा दंड धरला होता. पडदा उजळला. फोल्डर उघडलं. नणंदेचे मिटलेले डोळे, उघडे डोळे, मांडव, डीजे, आणि मग ते दोघं, पिवळेधमक, तोंड उघडून हसताना.

मावशींनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की दुसऱ्या दिवशीही तिथे काळंनिळं होतं.

मग त्यांनी आपल्या मूळ आवाजात नवऱ्याला विचारलं, "आता परत जलनार नाय ना?"

मी वाट बघत होते, हा आता रोलचं ते नेहमीचं उत्तर देणार. तो म्हणाला, "जळू शकतं, मावशी. कॉम्प्युटरचंही जळतं. मी तुम्हाला उगाच छातीठोक सांगितलं होतं." आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मला तो त्या क्षणी फार आवडला.

मग त्यानेच आधी डिस्क जोडली, सगळं तिच्यावर परत उतरवलं आणि डिस्क काढून माझ्या पर्समध्ये टाकली. "ही घरी राहील," म्हणाला. मग मी माझ्या फोनवरून मशीनला इंटरनेट दिलं, आणि चौकट उगवली. अपडेट आलंय, करू का? नवऱ्याने माऊसवर हात ठेवला आणि नुसताच बसून राहिला.

"मांगतंय तं द्या ना!" मावशी ओरडल्या.

त्याने दिलं.

वर्षानुवर्षांचं तुंबलेलं अपडेट ते, एका झटक्यात थोडंच होतंय. गोल फिरत राहिलं. मशीन बंद व्हायचं, परत सुरू व्हायचं, परत गोल. मावशी जायचं नाव घेईनात. काकाही आमच्याकडे येऊन बसले, त्यांच्या दुकानात तसंही करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांची पोलिसांत तक्रार झाली होती, पैसे पाठवायचे नाहीत असं ठरलं होतं, बरेचसे दाखले लोकांच्या मोबाईलमध्ये आणि मेलमध्ये सापडत होते. चहा झाला, मग मिसळ झाली. मावशी मध्येच विचारायच्या, "अजून न्हातंय काय?" मी म्हणायची, "डोकं चोळतंय मावशी, फार दिवसांचं पारोसं आहे." नवऱ्याने हे ऐकलं आणि शब्द त्याच्या डोक्यात बसला, हे पुढे कळलं.

अखेर मशीन उठलं. आणि प्रिंटरला ओळख दाखवेना! नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं, की जणू तो प्रिंटर माझ्या माहेरचा. "म्हटलं नव्हतं?" मी प्रिंटरवाल्या कंपनीच्या साइटवरून नवं सॉफ्टवेअर उतरवलं, टाकलं. हातातला चहा निवायच्या आत प्रिंटर घरघरला. ज्या भीतीपायी एवढी वर्षं दार सताड उघडं ठेवलं, ती एवढीशी होती.

पहिला प्रिंट निघाला तो नाचाचा. मावशींनी तो पदरावर घेतला, बोट लागू नये म्हणून कडेने धरला आणि शेवटच्या एसटीची चिंता करत निघून गेल्या. बाकी फोटो मीच निवडले. नणंदेचे दोन्ही ठेवले.

आता आमच्याकडे खंडेनवमीचा नवा शिरस्ता आहे. अष्टमीलाच नवरा सगळ्या मशीनांना अपडेट देतो, काकांकडे आणि एजंटकडेही जाऊन देतो. एजंट कुरकुरला तर त्याला ऐकवतो, "पारोशा मशीनची पूजा करायची नसते." मी वर्षानुवर्षं तंत्र समजावून जे झालं नाही, ते या एका वाक्याने झालं. वर्षभरात चौकट उगवली की तो माझ्याकडे बघत, मावशींच्या आवाजात म्हणतो, "मांगतंय तं द्या ना," आणि देतो. डिस्क घरीच असते, डाळीच्या डब्यामागे.

अल्बम द्यायला आम्ही दोघं मावशींच्या घरी गेलो होतो. त्या वर्षीची दिवाळी नुकतीच सरली होती, ओटीवर कोलंबी वाळत होती. मावशींचे यजमान आम्हाला बघून लाजून आत गेले आणि पाण्याचे तांबे घेऊन आले. समोरच्या भिंतीवर, देव्हाऱ्याच्या शेजारी, तो प्रिंट काचेच्या चौकटीत लावलेला. तेवढ्यात शेजारची नवीन सून अल्बम बघायला आली. तिने भिंतीवरच्या त्या पिवळ्या चेहऱ्यांकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "यो कोनचे हलदीचा फोटू, मावशे?"

मावशींनी यजमानांकडे बघितलं. ते तांब्याकडे बघत होते.

"आमचे," मावशी म्हणाल्या.